शुक्रवारचा पंचनामा

माझ्या नवऱ्याला ज्याच्या साक्षीवर चोर ठरवलं, तो माणूस पुढची दोन वर्षं रोज दोन वेळा माझ्याच हातचं जेवला. पोटभर जेवला. हे सांगितलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जणू चोरी बाजूलाच राहिली आणि गुन्हा मीच केला. कुणी म्हणतं, तू फार भोळी. भोळी मी अजिबात नाही, माझ्या सासरच्या कुणालाही विचारा. पण बिसीचा एक रिवाज असतो आणि तो मी मोडला नाही, एवढीच गोष्ट आहे.

बिसी म्हणजे लूमवर काम करणाऱ्या परगावच्या माणसांची खानावळ. आमची बिसी भिवंडीत, कामतघरला. पुढची लांब खोली जेवायला, मागे पडदा, पडद्यामागे माझी चूल, म्हणजे आता गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या. चाळीसएक माणसं जेवायला. दिवसपाळीवाले आधी, रातपाळीवाले नंतर, भिंतीला पाठ लावून दोन ओळी. रोज डाळ, भात, रोटी, भाजी. आणि शुक्रवारी मटण. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी माणसं अंघोळी करून, केस विंचरून, कपाळावर एकही कापसाचा तंतू न ठेवता येतात आणि ओळखूच येत नाहीत. बिसीचा रिवाज असा, की ताटावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. भांडण असेल तर त्यानं हात धुतल्यावर.

माझा नवरा जॉबर. लूम बिघडलं की दुरुस्त करणारा, ते लावणारा, त्याची नस जाणणारा. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो अर्धं बोलणं ओळखतो आणि उरलेल्या अर्ध्याला मान हलवतो. मी पाठमोरी असताना बोललेलं त्याला काहीच कळत नाही. आमचा संसार टिकण्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. कामगार त्याला उस्ताद म्हणत, आणि पहिल्या ओळीत दाराजवळची पहिली जागा त्याची होती. शुक्रवारी नळीचं हाड त्याच्या ताटात जायचं. हे मी नाही, त्या लोकांनीच ठरवलेलं.

अशाच एका शुक्रवारी दुपारी तो माझ्या शेजारी बसून कांदा चिरत होता आणि दोन पोलीस आले. तो ज्या कारखान्यात जॉबर होता, तिथून कोऱ्या कापडाचे तीन तागे गेले होते. चावी मालकाकडे एक आणि याच्याकडे एक. मालकाचं आणि याचं आठवड्यापूर्वी वाजलं होतं, कशावरून ते आता सांगण्यात अर्थ नाही. पोलीस म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. यानं ओठ वाचले, मान हलवली, हात धुतले आणि गेला. मी त्याची नळी वाटीत काढून झाकून ठेवली. तो चौथ्या दिवशी जामिनावर आला.

खटला तीन वर्षं चालला. मी कोर्टात सगळी मिळून तीनदा गेले असेन, कारण कोर्ट अकराला भरतं आणि माझी पहिली ओळ बाराला बसते. आमचा तेव्हाचा वकील बाहेरगावचा होता, कुणीतरी कुणाचातरी सांगितलेला. तो यायचा, तारीख घ्यायचा आणि निघायचा. नवरा आरोपीच्या जागेवर उभा राहायचा, तिथून साक्षीदाराची पाठ दिसते, ओठ दिसत नाहीत. म्हणजे त्याच्याविरुद्ध कोण काय बोललं, ते त्याला कळलंच नाही. घरी आला की मी विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, बोलत होते काहीतरी.

एवढंच कळलं होतं, की पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा दोन पंच होते. एक पुढे गावी गेला तो परतलाच नाही. दुसरा शेजारच्या कारखान्यात लूम चालवणारा, उत्तरेकडचा पंचविशीतला पोरगेला माणूस, आणि तो माझ्याच बिसीत दुसऱ्या ओळीत बसायचा. त्यानं कोर्टात सांगितलं, की उस्तादनं माझ्यासमोर स्वतःच्या हातानं गोणीतून तागे काढून दिले. शिक्षा लागली, एक वर्ष. अपील करायला मुदत मिळाली, मग ठाण्याच्या सत्र न्यायालयात अपील दाखल झालं आणि निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबली. पण चोर हा शब्द काही थांबला नाही.

त्या दिवसापासून नवरा ओळीत बसेना. मी ताट वाढलं की तो ते उचलून पडद्यामागे यायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. माणसांनी बोलावलं, हाताला धरलं, तरी नाही. म्हणाला, "ज्याच्या हातात कारखान्याची चावी देत न्हाय, त्यानं कारागिरांच्या वळीत बसायचं न्हाय." दाराजवळची जागा रिकामीच राहिली. गर्दी झाली तरी कुणी तिथे बसत नसे, थोडं सरकून बसत. वर्षभराच्या तुरुंगाची मला भीती होतीच, पण खरं सांगते, मला रोज टोचायची ती दाराजवळची चार वितींची रिकामी फरशी.

काम नाही म्हणताना जॉबरचे हात गप्प बसतात थोडेच. त्यानं घरातल्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मुलीच्या सायकलची चेन काढून लावली, मिक्सर दोनदा खोलला, तीन कुकर दुरुस्त केले, त्यातला एक बिघडलेला नव्हता. शेजारणी पंखे घेऊन यायला लागल्या. घरात एकही कुरकुर उरली नाही, माझी सोडून.

मीही एक शहाणपणा केला. वज्रेश्वरीला गेले, पायऱ्या चढले आणि देवीला बोलले, हा सुटेपर्यंत मटण तोंडात घालणार नाही. घरी येऊन पहिल्या शुक्रवारी पातेल्यासमोर उभी राहिले तेव्हा कळलं, की चाळीस माणसांच्या रश्शाचं मीठ आता चाखायचं कुणी? नवऱ्याला चाखायला दिलं तर तो काहीही झालं तरी चांगलं हाय म्हणतो. मुलीला मटण आवडत नाही. मग मी वासावर मीठ घालायला लागले. कधी खारट, कधी अळणी. देवी माझी, नवस माझा आणि भोगणारे चाळीसजण. बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त मिठाची वाटी आपली आपण ओळीतून फिरू लागली.

आणि त्यातच तो साक्षीदार. सगळे त्याला पंच म्हणू लागले होते. निकालानंतर तो येणार नाही असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी आला, दुसऱ्या ओळीच्या टोकाला खाली मान घालून बसला. माझ्या हातातली पळी त्याच्या डोक्यात जाणार होती, पण तो ताटावर बसला होता. हात धुतल्यावर तर तो असा पळायचा, की भांडायला सापडायचाच नाही. मग मी माझ्या परीनं शिक्षा सुरू केली. त्याची डाळ वरच्या पाण्याची. त्याची रोटी पहिल्या तव्याची, कडक. शुक्रवारी त्याच्या वाटीत बटाटा आणि मानेचं हाड. अपीलही नाही, जामीनही नाही. तो निमूट खायचा आणि रोज यायचा. एवढं सगळं मी वाढत होते तरी त्याची तब्येत सुधारत होती, याचा मला फार राग यायचा.

अपिलाचं काम एका वकीलबाईंनी घेतलं होतं. साठीच्या, ठाण्यात ऑफिस, चष्मा कपाळावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "ताई, अपिलात नवं कुणी बोलत नाही. खाली जे कागदावर आलं, तेच वर वाचतात. त्यातच भोक सापडलं पाहिजे." मी म्हटलं, माझ्याकडे चाळीस माणसं आहेत, हा माणूस सुतळीचा तोडा कधी घरी आणत नाही हे शपथेवर सांगतील. त्या म्हणाल्या, चाळीस माणसं राहू द्या, निकालाची नक्कल नीट वाचा. ती नक्कल मी मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून दिली होती. ज्या कागदानं नवऱ्याला चोर म्हटलं, तो वाचायचा कशाला, असा माझा बाणा. तो बाणा दोन वर्षं महागात पडला.

तारीख जवळ आली तशी वकीलबाईंचा फोन आला, वाचलं का? मला खोटं बोलता येईना. त्या दुपारी मी कणीक मळत होते आणि मुलीला म्हटलं, आण ती नक्कल, वाच मोठ्यानं. ती बारावीला होती आणि वाचता वाचता जांभया देत होती. सदर आरोपी, सदर मुद्देमाल, सदर पंच. माझं लक्ष कणकेत. मग ती वाचू लागली, की अमुक तारखेला दुपारी दोन वाजता, पंच हे आपली पाळी संपवून कारखान्यातून बाहेर पडत असताना पोलिसांनी त्यांना बोलावले. आत लूम चालू असल्यामुळे आरोपीचे बोलणे ऐकण्यास जवळ जावे लागले.

"परत वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं. तारीख तीच होती, ज्या दिवशी नवरा कांदा टाकून गेला. आणि त्या दिवशी माझ्या शेगडीवर मटण होतं. मी नळी झाकून ठेवली होती. म्हणजे शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी दोनला कुणाची पाळी संपते? कुठलं लूम चालू असतं? मुलीनं मोबाईलवर त्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. शुक्रवारच.

मी पिठाच्या हातांनीच पडद्याबाहेर आले आणि नवऱ्याला धरून समोर फिरवलं, ओठ दिसावेत म्हणून. सांगितलं.  तर तो म्हणाला, "शुक्रवारच होता. त्यात काय सांगायचं? सगल्यांना म्हाईत हाय." आता सांगा, अशा माणसाचं काय करावं! पोलिसांनी त्याला चौकीत बसवून ठेवलं होतं, कारखान्यात नेलंच नव्हतं, हे तो वकिलाला बोलला होता. वकील म्हणाला होता, सगळे आरोपी असंच म्हणतात. पण त्या दिवशी लूम बंद होते, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. सूर्य उगवला होता, असं कुणी कोर्टात जाऊन सांगतं का? भिवंडीत शुक्रवार तसाच. बाहेरच्या वकिलाचा रविवार बंद, नव्यानं बदलून आलेल्या न्यायाधीशसाहेबांचा रविवार बंद, आणि आम्ही सगळे शुक्रवार गिळून गप्प.

संध्याकाळी पंच आला. मी त्याची रोटी थांबवली नाही, पण समोर उकिडवी बसले. रिवाज उठवायचं नाही असा आहे, विचारायचं नाही असा नाही. विचारलं, त्या शुक्रवारी दुपारी दोनला तू कुठे होतास?

त्यानं घास खाली ठेवला. दोन्ही ओळींचं चावणं थांबलं.

"आपके यहाँ, भाभी," तो म्हणाला. "गोश्त था."

"मग कोर्टात का नाही सांगितलं?"

"वार किसी ने पूछा ही नहीं. तारीख पूछी." मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चहा प्यायला निघाला असताना त्याला चौकीत बोलावलं, लिहिलेला कागद पुढे केला आणि सही करायला सांगितली. त्याला मराठी वाचता येत नाही. पुढे कोर्टात काय बोलायचं ते बाहेरच्या बाकावर बसवून पाठ करून घेतलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. दोन वर्षं इथेच का जेवतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, दुसरीकडे गेलो तर सगळे म्हणतील की पळाला.

मला त्याची दया आली आणि त्या दयेचा प्रचंड राग आला. त्या रात्रीही त्याला वरचीच डाळ वाढली. लगेच विरघळायला मी काही साखर नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा एसटीनं ठाण्याला. कशेळीच्या पुलावर नेहमीप्रमाणे गाड्या अडकलेल्या, आणि मला वाटत होतं उतरून पळत सुटावं. वकीलबाईंना सांगितलं, तर त्या आनंदानं उडाल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, गोष्ट छान आहे, कागदावर आहे का? सरकारी वकील म्हणतील, एखादा कारखाना शुक्रवारीही चालू असेल. आणि असतातही काही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी फायलींचा ढीग ओढला. त्यात कारखान्याच्या हजेरीचं रजिस्टर होतं. ते आमचं नव्हतं. नवरा कामावर असायचा आणि चावी त्याच्याकडे असायची, हे दाखवायला मालकानंच ते कोर्टात दिलं होतं. वकीलबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट फिरवत गेल्या. सहा ओळी भरलेल्या, सातवी कोरी, त्यावर आडवी रेघ. पुन्हा सहा भरलेल्या, सातवी कोरी. त्या तारखेची ओळ कोरी होती. आडवी रेघ मालकाच्याच हातची.

"ही रेघ इतकी वर्षं या फायलीत पडून आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मी त्यांच्यासाठी सुकटीची चटणी नेली होती, ती मी विसरून परत घेऊन चालले होते. त्यांनीच मागून घेतली.

सुनावणीला मी बिसी बंद ठेवली नाही. माणसांनीच सांगितलं, भाभी, आज आम्ही खिचडी लावतो, तू जा. युक्तिवाद झाला, मग निकालासाठी एक बुधवार नेमला. त्या बुधवारी न्यायाधीशांनी वाचायला सुरुवात केली आणि कागद नेमका तोंडासमोर धरला. नवऱ्याला काही दिसेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मला कायद्याची भाषा अर्धीच कळत होती. रजिस्टर, कोरी नोंद, पंचनामा विश्वासार्ह नाही, एवढे शब्द पकडले, आणि मग निर्दोष. कोर्टात बोलायची सोय नव्हती. मी हात वर केला आणि मनगटातून फिरवला. कारखान्यात खडखडाटात एकमेकांना लांबून सांगतात ना, खटका पाड, लूम बंद, तशी खूण.  मग त्यानं तीच खूण मला परत केली, विचारल्यासारखी. मी पुन्हा हात फिरवला. तेव्हा तो बाकावर बसला आणि चपला नीट करायच्या निमित्तानं खाली वाकून रडला. मीही रडले, माझं काही निमित्त नव्हतं.

ते तीन तागे नेमके कुठून आले, हे मला आजही माहीत नाही. माझा एक अंदाज आहे. पण नुसत्या अंदाजावर काय काय होतं ते आम्ही भोगलं आहे, म्हणून तो लिहीत नाही.

ठाण्याहून येतानाच मी मटण घेतलं. संध्याकाळी पातेलं चढवलं आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा पळीतून तळहातावर रस्सा घेतला. मीठ घातलं, चाखलं, पुन्हा चाखलं. चौथ्यांदा चाखायची गरज नव्हती, तरी चाखलं. माणसं यायला लागली. वास येताच प्रत्येकजण दारात थबकायचा, कारण वार बुध.  सगळ्यांना कळलं होतं.

दाराजवळची जागा रिकामीच होती. मी ताट वाढलं आणि नवऱ्याच्या हातात न देता त्या फरशीवर नेऊन ठेवलं. तो पडद्यापाशी उभा. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गेला आणि बसला. शेजारच्यांनी सरकून घेतलं, जागा तर आधीच होती, तरी सरकले. मिठाची वाटी फिरायला निघाली, ती दुसऱ्या माणसाशीच थांबली.

पंच टोकाला बसला होता, हात मांडीवर, ताटाला हात लावत नव्हता. नवऱ्यानं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. तो आपलं ताट घेऊन आला आणि समोर बसला, फाशीला आणल्यासारखा. नवऱ्याच्या ताटात नळी होती. त्यानं ती उचलली आणि पंचाच्या ताटात ठेवली. मग त्याच्या त्या मोठ्या आवाजात, जो शेजारच्या चाळीपर्यंत जातो, विचारलं, "आज शुक्रवार हाय, असं लिवून दिलं तर सही करशील?"

 नवरा पंचाच्या ओठांकडेच बघत होता.

"नहीं, उस्ताद," तो म्हणाला. "पहले भाभी से पढ़वाऊँगा."

नवरा इतका हसला, की त्याला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला, आणि मग पातेल्याच्या तळातून, ढवळून, पंचाला डाळ वाढली.